पडवीतली नवी जात

"दिवा कोणी मालवला?" भगवानराव पडवीतून ओरडले.

"मी मालवला," वेणूबाई आतून म्हणाल्या. "डोळ्यांवर उजेड येतो."

"शंभरदा सांगितलंय, मालवू नकोस म्हणून! आत्ता एक आला होता. डाव्या पंखावर ठिपका होता. आता अंधारात कुठे शोधू त्याला?"

"यील परत. जाईल कुठं? त्याला काय कचेरी हाय?"

भगवानरावांनी खटका दाबला. पडवीत पुन्हा उजेड पडला, आणि ते लोणच्याची रिकामी बरणी हातात घेऊन स्टुलावर चढले. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला एक सरकारी निरीक्षक बरणीचं तोंड भिंतीला लावून श्वास रोखून उभा आहे, हे दृश्य गेले चार महिने वेणूबाई रोज पाहत होत्या. पहिल्या दिवशी त्यांना हसू आलं होतं. आता नुसता राग येत होता.

भगवानराव म्हात्रे पनवेलला पुरवठा खात्यात होते. ते दिवस रेशनचे आणि सक्तीनं धान्य घेणाऱ्या लेव्हीचे. लोकांनी घरात दडवलेलं धान्य हुडकून काढणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं होतं की नेऱ्यापासून खाडीपर्यंत कुणी त्यांना जेवायला बोलवत नसे. मावसभावाच्या कणगीतून त्यांनी दीड खंडी भात बाहेर काढलं होतं, पंचनाम्यावर मावशीचा अंगठा घेतला होता आणि वर तिच्याकडेच चहा मागितला होता. ही हकिगत ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगत. मावशीनं चहा दिला नाही, तेवढं मात्र गाळत.

अशा माणसाला चाळिशीनंतर काहीतरी लागतंच. कुणाला भजन लागतं, कुणाला तपकीर. भगवानरावांना पतंग लागले. डाकबंगल्याच्या कपाटात कुठल्याशा गोऱ्या साहेबाचं मागे राहिलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. पानापानावर पतंगांची रंगीत चित्रं, खाली लांबलचक नावं. ते पुस्तक भगवानरावांनी घरी आणलं आणि पडवीतल्या दिव्यावर येणारा प्रत्येक जीव त्यात शोधायला सुरुवात केली. पुस्तक इंग्लंडातल्या पतंगांचं होतं. तसं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलंही होतं. पण पहिलं पान वाचायची भगवानरावांना सवय नव्हती, त्यामुळे पनवेलचं पाखरू चित्राशी जुळलं नाही की ते दोष पाखराला देत.

"ह्याचे पंख हिरवे हवेत," ते भिंग लावून म्हणत. "आपल्याकडच्या धुळीनं मळलेत बघ."

"मंग धुवून काढा," वेणूबाई म्हणत.

पुस्तकात लिहिलं होतं की दिव्यामागे पांढरं कापड टांगावं. घरात पांढरं कापड एकच होतं, मुलीच्या, मालूच्या, लग्नासाठी आणलेली कोरी चादर. ती खुंटीवर चढली. पुस्तकात लिहिलं होतं की झाडाच्या बुंध्याला गोड पाक फासला तर दुर्मिळ पतंग येतात. भगवानरावांनी पडवीच्या खांबाला बाटलीभर काकवी फासली. पतंग एकही आला नाही. मुंग्या मात्र साऱ्या तालुक्याच्या आल्या आणि खांबावरून उतरून थेट साखरेच्या डब्यापर्यंत गेल्या. भगवानरावांनी वहीत लिहिलं, "प्रयोग अंशतः यशस्वी."

एवढ्यावर थांबलं असतं तर वेणूबाईंनी तेही सोसलं असतं. पण त्यांच्या जिवाला खरा घोर वेगळाच होता, आणि तो बरोबर त्या दिव्याच्या वर, पडवीच्या माळ्यावर होता.

मालूचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलाकडचे लोक उरणकडचे. माणसं चांगली, पण जेवायला बसली की तांदळाची परीक्षा पाहणारी. रेशनकार्डावर जे मिळत होतं त्याला वेणूबाई तांदूळ म्हणायलाही तयार नव्हत्या. त्यातले खडे वेचले की निम्मं सूप रिकामं होई. असला भात पानात वाढला असता तर पोरीला सासरी आयुष्यभर तोंड लपवावं लागलं असतं. म्हणून पौषात त्यांच्या भावानं, शिवानं, नेऱ्याहून गवताच्या गाडीत दडवून सात पोती आणली. नवा, हातसडीचा, सुवासिक कोलम. भगवानराव त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात तांदूळ शोधायला गेले होते. पोती माळ्यावर गेली आणि वर जुन्या गोधड्या पडल्या.

माळ्यावर पोती सापडतील असं वेणूबाईंना सहसा वाटत नसे. दुसऱ्याच्या घरात भगवानराव शिपायाला सगळ्यात आधी माळ्यावर चढवत. पण स्वतःच्या घरात कायदा मोडला जाईल, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. आणि सापडलीच असती तर या माणसानं बायकोचा अंगठा घ्यायलाही मागेपुढे पाहिलं नसतं. शिवा तुरुंगात गेला असता, तांदूळ गोदामात गेला असता, आणि मालूच्या लग्नात खडे शिजले असते. हे सगळं वेणूबाईंना लख्ख दिसत होतं.

चैत्र लागला, उकाडा वाढला, आणि एका रात्री भगवानरावांनी पडवीतून अशी हाक मारली की वेणूबाईंच्या हातातलं भांडं पडलं.

"अगं, लवकर ये! हा पुस्तकात नाही!"

चादरीवर एक बारकं, मातकट रंगाचं पाखरू बसलं होतं. पंख पाठीवर मिटून, जेमतेम बोटाच्या पेराएवढं. वेणूबाईंनी ते एका नजरेत ओळखलं. ओळखायला भिंग लागत नाही. ज्या बाईनं जन्मात एकदा तरी जुन्या तांदळाचा डबा उघडलाय, तिच्या तोंडावर ते फडफडत आलेलं असतं. तांदळातलं पाखरू. माळ्याच्या फळ्यांच्या फटीतून उतरून ते दिव्यावर आलं होतं.

"काय वाटतं तुला?" भगवानरावांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" वेणूबाई म्हणाल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढं कळत असताना काहीच कळत नाही असं म्हणायची त्यांच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती.

"मी तीनदा पुस्तक पालथं घातलं. नाही म्हणजे नाही! याचा अर्थ समजतो का? नवी जात! जगात कुणी पाहिलेली नाही. आणि शास्त्रात असा नियम आहे की शोधणाऱ्याचं नाव पतंगाला देतात." त्यांनी डोळे मिटले. "भगवानी. पनवेलिया भगवानी. पुढे म्हात्रे कसं बसवायचं तेवढं पाहायला हवं."

दुसऱ्या रात्री चार पाखरं आली. तिसऱ्या रात्री अकरा. भगवानराव मोजून वहीत लिहू लागले, आणि वेणूबाईंना रात्री झोप येईनाशी झाली.

त्यांनी आधी शिवाला निरोप धाडला. तो आला, माळ्यावर जाऊन पोती पाहून आला आणि डोक्याला हात लावून चुलीपाशी बसला.

"ताय, वरची दोन पोती खराब व्हाया लागलीत. जाळी धरलीय. उन्हात घातली पायजेत."

"कुठं घालू उन्हात? इन्स्पेक्टरच्या अंगनात? तू घेऊन जा परत."

"कशी नेऊ? भावजींनी नाक्यावर दोन शिपाय बसवलेत. गवताच्या गाडीत लोखंडी सळई खुपसून बगतात."

"मंग आनलीस तवा कशी आनलीस?"

"तवा सळई नव्हती. ती भावजींनीच मागवली, मागल्या म्हैन्यात."

नवऱ्याच्या कर्तबगारीबद्दल वेणूबाईंच्या मनात त्या क्षणी जे आलं, ते शिवासमोर बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी दुसरा उपाय केला. भगवानराव कचेरीत गेल्यावर माळ्यावर कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. दिवसभर डोळे चुरचुरले, घर कोंदलं, पण पोत्यांतली पाखरं बाहेर निघाली. सगळी निघाली. आणि दिवसभर आढ्याला चिकटून बसलेली ती सगळी रात्री दिवा लागताच एकदम चादरीवर उतरली.

"दोनशे सतरा!" भगवानराव ओरडले. "वेणू, दोनशे सतरा! एका रात्रीत! हे कुणाला तरी कळवलंच पाहिजे."

धूर करणाऱ्या स्वतःच्या हातांकडे वेणूबाई बराच वेळ बघत राहिल्या.

कळवण्यासारखी माणसं दोन होती. एक प्रोफेसर मुबारक. मूळचे पनवेलचेच, मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि सुट्टीत आईकडे, हाजराबीकडे, आले होते. दुसरे म्हणजे भगवानरावांचे जिल्ह्याचे साहेब. ते शनिवारी गोदामाच्या तपासणीला येणार होते. धान्याचं सरकारी गोदाम भगवानरावांच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की मैदान आणि मैदानापलीकडे. भगवानरावांनी दोघांनाही शनिवारी रात्री जेवायला बोलावून टाकलं.

"साहेबांसमोर जात जाहीर होईल," ते म्हणाले. "आणि भात रेशनचाच कर. साहेबांना कळू दे, म्हात्र्यांच्या घरात काय शिजतं."

"पावन्यांना रेशनचा भात?"

"तोच! सचोटी पानात दिसली पाहिजे."

शनिवारी तपासणी झाली. म्हणजे साहेब आणि भगवानराव गोदामापर्यंत गेले, ऊन फार होतं, किल्ली कारकुनाकडे होती आणि कारकून सासुरवाडीला गेला होता. दोघांनी कुलूप नीट हलवून पाहिलं. कुलूप पक्कं होतं. मग झाडाखाली बसून शहाळी प्यायली आणि साहेबांनी शेऱ्याच्या वहीत "साठा उत्तम स्थितीत" असं लिहून सही केली. खाली भगवानरावांनी सही केली. हा प्रकार वेणूबाईंनी पापड वाळत घालता घालता खिडकीतून सगळा पाहिला.

त्या दिवशी खाडीवरून जिताडा मासा आला होता, चांगला पुरुषाच्या हाताएवढा. वेणूबाईंनी कालवण केलं, तुकड्या तळल्या, आणि मग रेशनच्या तांदळाचं सूप पुढ्यात घेऊन बसल्या. त्या तांदळाला कुबट वास येत होता. जिताड्याचं असलं कालवण या भातावर ओतायचं? सचोटी नवऱ्याची होती, पण कालवण त्यांचं होतं. त्या उठल्या, माळ्यावर गेल्या आणि खालच्या चांगल्या पोत्यातून पदरभर कोलम घेऊन आल्या. आपण काय करतोय ते त्यांना चांगलं कळत होतं. तरीही केलं.

साहेब तीनदा भात घेऊन जेवले. "म्हात्रे," ते म्हणाले, "रेशनचा तांदूळ इतका चांगला असतो हे मला ठाऊक नव्हतं. लोक उगीच ओरडतात."

"तेच म्हणतो मी, साहेब!" भगवानराव म्हणाले. त्यांना फरक कळला नव्हता. चार महिने त्यांना पतंगांशिवाय कशाचीच चव कळत नव्हती.

प्रोफेसर मुबारकांनी भाताचं एक शीत बोटावर घेतलं, पाहिलं, हुंगलं आणि वाढणाऱ्या वेणूबाईंकडे एकदा बघून पुन्हा मान खाली घातली. मागच्या पडवीत साहेबांचा शिपाई गणू जेवत होता. त्याच्या पानात वेणूबाईंनी जिताड्याच्या डोक्याकडची मोठी तुकडी वाढली. का वाढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या रात्री शिपायाचं पोट भरलेलं असावं, एवढंच त्यांना वाटलं.

जेवणं झाली आणि मंडळी पुढच्या पडवीत आली. भगवानरावांनी पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवलं, स्वतः चादरीशेजारी उभे राहिले आणि खटका दाबला. पाखरं आलीच. फटीफटीतून आली, चादरीवर बसली, साहेबांच्या टोपीवर बसली.

"निसर्गाचं हे गुपित," भगवानराव सुरू झाले, "आजवर जगाला अज्ञात होतं. या पडवीत, या दिव्याखाली—"

"जरा बघू," म्हणत प्रोफेसर मुबारक उठले. त्यांनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं, एक पाखरू चिमटीत धरलं, उलटं करून पाहिलं. मग चादरीकडे पाहिलं. मग सावकाश मान वर करून माळ्याच्या फळ्यांकडे पाहिलं. वेणूबाई दाराआड उभ्या होत्या.

"म्हात्रेसाहेब, माफ करा," प्रोफेसर म्हणाले. "ही नवी जात नाही. हा तांदळातला पतंग. धान्य फार दिवस पडून राहिलं, की त्यात होतो. माझ्या अम्मीला विचारलंत तरी ती सांगेल."

"अशक्य!" भगवानराव म्हणाले. "पुस्तकात नाही!"

"कोणत्या पुस्तकात?"

पुस्तक आणलं गेलं. प्रोफेसरांनी ते उघडलं आणि पहिलंच पान वाचलं. मग नुसतं मिटून ते भगवानरावांच्या हातात परत दिलं. सभ्य माणसानं केलेला तो अपमान भगवानरावांच्या डोक्यावरून गेला.

साहेब मात्र खुर्चीत सरसावून बसले होते. "एक मिनिट, प्रोफेसर. तांदळातला म्हणता? एवढी पाखरं व्हायला तांदूळ किती हवा?"

"बराच हवा. पोती हवीत."

"आणि तोही जवळच?"

"हा पतंग काही मुंबईहून उडत येत नाही, साहेब."

आता खरं तर भगवानरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांची नवी जात गेली होती, आणि तिच्या जागी त्यांच्यातला निरीक्षक खडबडून जागा झाला. "साठा!" ते गरजले. "साहेब, माझ्या नाकासमोर कुणीतरी साठा केलाय! आत्ताच्या आत्ता झडती घेऊ. या आळीतलं एकेक घर पालथं घालतो!"

"घ्याच," साहेब म्हणाले. "आणि लोकांनी बोट दाखवायला नको म्हणून सुरुवात तुमच्या घरापासून करा. नुसती रीत म्हणून. गणू!"

"अगदी बरोबर!" भगवानराव छाती काढून म्हणाले. "गणू, आधी माळा बघ. लोक माळ्यावरच लपवतात. ती शिडी तिथेच आहे बघ, मधल्या घरात."

"शिडीसुदिक दावली," वेणूबाई पुटपुटल्या. आयुष्यभर या माणसाबरोबर काढलं, आणि शेवटी त्यानं स्वतःच्या पोरीच्या लग्नाचा तांदूळ स्वतःच दाखवून दिला. गणू शिडी चढू लागला. एक पायरी. दोन. शेवटच्या पायरीवर त्याचं डोकं माळ्यात शिरलं आणि तिथंच थांबलं. वेणूबाई डोक्यावरचा पदर नीट करून दाराबाहेर आल्या.

"साहेब, एक बोलू का?"

"बोला, वहिनी."

"मी अडानी बाय. पन पाखरू वाऱ्याबरबर येतं एवढं मला कळतं. या दिवसांत रातचा वारा समोरनं येतो." त्यांनी अंधारात मैदानापलीकडे हात केला. "आनि समोर सरकारी गोदाम हाय. आमच्या घरात नाय सापडलं, शेजारी नाय सापडलं, की पंचनाम्यात तेच लिवावं लागंल ना? दुसरा तांदूळ हाय कुठं जवळ?"

एक पाखरू साहेबांच्या नाकावर बसलं, तरी साहेबांनी ते उडवलं नाही. सकाळी स्वतःच्या हातानं लिहिलेला शेरा आणि त्याखालची सही त्यांना आठवत होती. भगवानरावांना काही आठवत नव्हतं.

"गोदामात?" ते म्हणाले. "छे! गोदामातला साठा उत्तम स्थितीत आहे. मी आणि साहेबांनी सकाळीच—"

"म्हात्रे, गप्प बसा," साहेब म्हणाले. मग ते प्रोफेसरांकडे वळले, आणि त्यांचा आवाज फार गोड झाला. "प्रोफेसर, तुम्ही तांदळातला म्हणालात. पण अगदी खात्रीनं सांगता येईल का? दिव्याचा उजेड, रात्रीची वेळ."

प्रोफेसर मुबारकांनी साहेबांकडे पाहिलं. मग वेणूबाईंकडे. तो भात त्यांनीही दोनदा घेतला होता. "यकीन कसं देणार, साहेब?" ते हळू म्हणाले. "अभ्यास करावा लागेल. दोन-चार वर्षं सहज लागतील."

"म्हणजे नवी जात असण्याची शक्यता आहे?"

"अभ्यास होईपर्यंत प्रत्येक जात नवीच असते."

"झालं तर मग!" साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "गणू, खाली उतर. काय दिसलं वर?"

गणू सावकाश खाली आला. त्याच्या केसांना जाळी लागली होती आणि खांद्यावर दोन पाखरं बसली होती. त्यानं ती शांतपणे झटकली, वेणूबाईंकडे पाहिलं आणि जिभेनं ओठ पुसले. जिताड्याची चव अजून ओठांवर असावी.

"काळोख हाय, साहेब," तो म्हणाला. "नुसत्या गोधड्या."

"अभिनंदन, म्हात्रे," साहेब उठत म्हणाले. "आता या शोधाबद्दल कुणाशी बोलू नका. गुप्त ठेवा. शास्त्रात तशीच पद्धत असते."

भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी साहेबांचे दोन्ही हात धरले. सगळ्या पडवीत काय घडलं ते न कळलेला एकच माणूस होता, आणि नेमकं त्याचंच अभिनंदन झालं होतं. निघताना प्रोफेसर मुबारक वेणूबाईंपाशी क्षणभर थांबले.

"भाभी, खालची पोती चांगली असतील," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दोन दिवस कडक ऊन द्या आणि पोत्यात कडुनिंबाचा पाला घाला. धूर नका करू. धुरानं ती मरत नाहीत, बाहेर येतात."

"ते कळलं मला," वेणूबाई म्हणाल्या.

ऊन साहेबांनीच मिळवून दिलं. पहाटे त्यांनी कारकुनाला सासुरवाडीहून उठवून आणवलं आणि गोदामाचं दार उघडलं. आतून पाखरांचा असा लोट आला की कारकून उताणा पडला. साहेबांनी हुकूम सोडला. सगळा माल आजच्या आज मैदानात वाळत घाला. कुणी विचारलं तर नेहमीचं वाळवण म्हणून सांगा. देखरेखीला म्हात्रे. चैत्रात घरोघरी वाळवणं पडतात, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मैदानभर ताडपत्र्या पसरल्या, हमाल पोती ओतू लागले, आणि त्या गर्दीत शिवा आणि गणूनं सात पोती मागच्या दारानं काढून कडेच्या चार चटयांवर ओतली. सरकारी तांदळाच्या शेजारी बिनसरकारी तांदूळ दिवसभर ऊन खात पडला.

वेणूबाई उंबऱ्यात बसून पाहत होत्या. भगवानराव हातात काठी घेऊन, डोक्यावर ओला पंचा टाकून कावळे हाकत फिरत होते. कडेच्या चटयांपाशी ते जरा जास्त वेळ थांबले. त्यांनी मूठभर तांदूळ उचलून हातावर घोळवला.

"गणू, हा बघ!" ते म्हणाले. "सरकारी मालात असला तांदूळ असतो आणि लोक रेशनला नावं ठेवतात. या बाजूला कावळा फिरकता कामा नये!"

"व्हय, साहेब," गणू म्हणाला.

दोन दिवस भगवानरावांनी त्या चटयांवर एक कावळा बसू दिला नाही. वेणूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना उन्हात ताक नेऊन दिलं.

तिसऱ्या रात्री दिवा लागला, चादर टांगली गेली आणि एकही पाखरू आलं नाही. चौथ्या रात्रीही नाही. भगवानरावांनी दिवा बदलला, चादर उलटी लावली, खांबाला पुन्हा काकवी फासली. मुंग्या आल्या. आठव्या दिवशी त्यांनी वहीत एक ओळ लिहिली आणि खाली काळी रेघ मारली. जात नामशेष झाली होती. त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही.

वैशाखात मालूचं लग्न झालं. चादर धुवून नवरीच्या पेटीत गेली. उरणकडची मंडळी पडवीत पंगतीला बसली, पानात भात पडला, आणि मुलाच्या आत्यानं एक घास घेऊन दुसरा घेण्याआधी वेणूबाईंकडे पाहून मान डोलावली. तिच्या त्या डोलावण्यासाठी वेणूबाईंनी चार महिने जीव मुठीत धरला होता. त्यांना रडू आलं, आणि धुराचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले.

साहेबही लग्नाला आले होते. त्यांच्याशेजारी भगवानराव व्याह्यांना आपल्या पतंगाची गोष्ट सांगत होते. "साऱ्या जगात फक्त आमच्या पडवीत होती हो ती," ते म्हणाले आणि दुःखानं एक मोठा घास घेतला. घास त्यांनी चावला. मग थांबले. पतंग गेले होते, त्यामुळे बऱ्याच महिन्यांनी त्यांना अन्नाची चव कळत होती. त्यांनी पानातला भात बोटांनी मोकळा केला, हुंगला. शर्टाच्या वरच्या खिशात पंचनाम्याची वही होती. हात आपोआप तिच्याकडे गेला.

"वेणू," ते म्हणाले, "हा तांदूळ कुठला?"

वेणूबाई भाताची परात घेऊन समोर उभ्या होत्या. शेजारी साहेब मान खाली घालून चौथ्यांदा भात कालवत होते. पंगतीच्या टोकाला शिवाच्या हातातला घास हातातच राहिला होता.

"नवी जात हाय," वेणूबाई म्हणाल्या. "अजून नाव नाय ठेवलं."

भगवानरावांनी बायकोकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, मग मान वर करून आपल्या पडवीच्या माळ्याकडे बराच वेळ पाहिलं. कडेच्या चार चटया त्यांना आठवल्या असाव्यात, आणि त्यांवरून हाकललेले कावळेही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक जात बरोबर ओळखली होती. त्यांनी खिशातल्या वहीवरचा हात काढला आणि पान पुढे सरकवलं.

"वाढ," ते म्हणाले.